अडथळ्याची साक्ष

विजेचा अडथळा म्हटला की आपल्या मनात आधी तक्रार उभी राहते. लांबून वीज आणताना काही वाटेत वाया जाते, जुन्या जोडणीत तार तापते, बिल फुगते. इस्त्री आणि पाणी तापवायची कांडी यांच्यापुरता आपण हा अडथळा कामाला लावतो. एरवी तो जितका कमी तितका बरा. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत त्याला रोध म्हणतात. आज मी या रोधाची दुसरी बाजू सांगणार आहे. विसाव्या शतकाच्या मध्यावर काही संशोधकांनी हा रोध कमी करण्याच्या खटपटीत न पडता तो फक्त मोजला, चिकाटीने, अंशाअंशाने मोजला. त्या आकड्यांतून त्यांनी धातूच्या पोटातली, डोळ्यांना कधीच न दिसणारी मांडणी वाचून काढली. ज्या धातूंवर हे काम झाले, ते म्हणजे अलीकडे वर्तमानपत्रांत वारंवार येणारे ‘रेअर अर्थ’. मराठीत त्यांना विरल मृदा किंवा दुर्मीळ मृदा म्हणतात.

या नावातले दोन्ही शब्द फसवे आहेत. हे धातू माती नव्हेत आणि त्यांतले बरेचसे फारसे दुर्मीळही नाहीत. पृथ्वीच्या कवचात सिरियम जवळजवळ तांब्याइतके आहे. जुने रसायनशास्त्रज्ञ धातूंच्या न वितळणाऱ्या, पाण्यात न विरघळणाऱ्या ऑक्साइडांना ‘मृदा’ म्हणत, त्यावरून हे नाव पडले आणि चिकटले. १७८७ साली स्वीडनमध्ये, स्टॉकहोमजवळच्या इटर्बी या खेड्यातल्या खाणीत कार्ल आरेनियस नावाच्या सैन्याधिकाऱ्याला एक जड, काळा दगड सापडला. १७९४ साली योहान गाडोलिन याने त्याचे पृथक्करण केले आणि त्यात एक नवीच मृदा असल्याचे जाहीर केले. पुढे त्या एका खेड्याच्या नावावरून चार मूलद्रव्यांची नावे पडली : इट्रियम, टर्बियम, एर्बियम आणि इटर्बियम.

गाडोलिनला जी एक मृदा वाटली, ती प्रत्यक्षात अनेकांचे एकत्र कुटुंब होते. पुढची सव्वाशे वर्षे ही वाटणी चालू राहिली. १८४३ मध्ये मोसांडरने तिच्यातून तीन मृदा वेगळ्या केल्या. त्यानेच शोधलेल्या ‘डिडिमियम’चे १८८५ मध्ये आणखी दोन भाग झाले, त्यांतला एक म्हणजे आज चुंबकांमुळे सर्वतोमुखी झालेले निओडिमियम. १८८६ मध्ये फ्रान्सच्या ल्कॉक द ब्वाबोद्राँ याने आणखी एक मूलद्रव्य हुडकले आणि त्याचे नाव ठेवले डिस्प्रोसियम. या शब्दाचा ग्रीक अर्थ ‘हाती लागायला अवघड’. अमेरिकेत चार्ल्स जेम्स याने १९११ साली शुद्ध थुलियम मिळवले, तेव्हा एकच क्षार पुन्हा पुन्हा विरघळवून त्याचे स्फटिक काढण्याची क्रिया त्याला सुमारे १५ हजार वेळा करावी लागली, असे सांगतात. आपल्याकडे धान्य चाळून, पाखडून, निवडून घेतात. इथे सगळे दाणे एकाच रंगाचे, एकाच आकाराचे आणि जवळपास एकाच वजनाचे होते. निवडायचे तरी कसे?

ही भावंडे इतकी सारखी का, याचे उत्तर अणूच्या रचनेत आहे. रासायनिक क्रिया अणूच्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनांवर ठरते आणि या सगळ्यांचे बाहेरचे दार जवळजवळ एकसारखे आहे. फरक आहे तो आतल्या खोलीत. लॅंथेनमपासून ल्युटेशियमपर्यंत जाताना नवा इलेक्ट्रॉन बाहेर न बसता आतल्या कप्प्यात जाऊन बसतो. या कप्प्यात १४ जागा आहेत. तो अर्धवट भरलेला असताना त्यातल्या इलेक्ट्रॉनांमुळे सगळा अणू एक छोटासा चुंबक बनतो. म्हणजे जे रसायनशास्त्रज्ञाला दाद देत नव्हते, ते चुंबकत्वाच्या दृष्टीने मात्र एकमेकांपासून स्पष्ट वेगळे होते. १९३५ मध्ये पॅरिसला युर्बें, व्हाइस आणि त्राँब यांनी दाखवून दिले, की लोखंड, निकेल आणि कोबाल्ट यांच्या पंगतीला बसणारा चौथा धातू या कुटुंबात आहे : गॅडोलिनियम. लोखंडाचे चुंबकत्व जायला ते सुमारे ७७० अंशांपर्यंत तापवावे लागते. गॅडोलिनियमचे २० अंशांच्या आसपासच जाते. थंडीतल्या पहाटे लोहचुंबकाला घट्ट बिलगणारा तुकडा उन्हाळ्यातल्या दुपारी पकड ढिली करतो.

पण यापुढे जाण्यासाठी हवा होता शुद्ध धातू, तोही ग्रॅमभर नव्हे, भरपूर. तो मिळाला एका महायुद्धाच्या आडवाटेने. अमेरिकेच्या आयोवा राज्यात, मक्याच्या शेतांच्या मुलखात, एम्स नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या महाविद्यालयात फ्रँक स्पेडिंग हा रसायनशास्त्रज्ञ होता. विरल मृदांचे वर्णपट हा त्याचा जुना अभ्यासविषय. १९४२ साली अणुबॉम्बच्या प्रकल्पासाठी शुद्ध युरेनियम हवे होते. स्पेडिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ते स्वस्तात आणि मोठ्या प्रमाणावर बनवण्याची रीत काढली. डिसेंबर १९४२ मध्ये शिकागोत जी पहिली अणुभट्टी सुरू झाली, तिच्यातले सुमारे दोन टन युरेनियम एम्समधून गेले होते. युद्ध संपेपर्यंत तिथे हजार टनांच्या आसपास युरेनियम तयार झाले. त्या बॉम्बने पुढे काय केले हे आपण सगळेच जाणतो, आणि या कथेत तो डाग आहे तो आहेच.

युरेनियमचा अणू फुटला की तुकड्यांमध्ये विरल मृदा निघतात. त्या वेगळ्या करण्याची निकड निर्माण झाली आणि तिच्यातून आयन-विनिमयाची रीत पुढे आली. राळेच्या बारीक मण्यांनी भरलेल्या उंच नळ्या उभ्या करायच्या. वरून मिश्रण सोडायचे, मागोमाग एक द्रावण हळूहळू सोडत राहायचे. प्रत्येक मूलद्रव्य त्या मण्यांना थोडे वेगळ्या जोराने चिकटते; त्यामुळे खाली उतरता उतरता एकेकाचा पट्टा वेगळा होत जातो. जेम्सने हातांनी १५ हजार वेळा केलेले काम ही नळी न थकता, आपले आपणच करू लागली. १९४७ मध्ये एम्सला कायमची राष्ट्रीय प्रयोगशाळा झाली, आणि शंभरेक वर्षे चिमटीने मोजल्या गेलेल्या या वस्तू किलोंनी मिळू लागल्या. पुढे ऑक्साइडचे फ्लुओराइड करायचे, टँटलमच्या मुशीत कॅल्शियमबरोबर तापवून धातू सोडवायचा, निर्वातात पुन्हा वितळवून उरलेली घाण काढायची. शेवटी तो धातू वितळण्याच्या किंचित अलीकडच्या तापमानाला तासन् तास ठेवायचा, म्हणजे आतले लहान कण एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि एखादा सलग स्फटिक हाती येतो.

सलग स्फटिकाचा एवढा आग्रह कशासाठी? साधा धातूचा तुकडा म्हणजे असंख्य बारीक स्फटिकांचा ढीग असतो आणि प्रत्येकाचे तोंड वेगळ्या दिशेला. त्यात मोजलेला रोध म्हणजे सगळ्या दिशांची सरासरी. एखाद्या सभेतला गलका ऐकावा तसे ते असते. आवाज येतो, शब्द कळत नाहीत. एम्समध्ये सॅम लेगव्होल्ड या भौतिकशास्त्रज्ञाच्या गटाने स्फटिकांच्या बारीक कांड्या कापल्या, काही अणूंच्या थरांना समांतर, काही थरांना काटकोनात. कांडीच्या दोन टोकांतून वीज सोडायची, मध्ये दोन ठिकाणी टेकवलेल्या तारांनी विद्युतदाबातला फरक वाचायचा, आणि द्रव हेलियमच्या थंडीपासून खोलीच्या तापमानापर्यंत हळूहळू वर यायचे. यांतली बरीच मोजमापे तिथे पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांसाठी झाली. १९६० ते १९६३ या काळात डिस्प्रोसियम, एर्बियम, होल्मियम, टर्बियम, गॅडोलिनियम अशी एकेका धातूची पाळी आली.

पहिली गोष्ट लक्षात आली ती रोधाच्या मोठेपणाची. खोलीच्या तापमानाला गॅडोलिनियमचा रोध त्याच मापाच्या तांब्याच्या सुमारे पाऊणशे पट भरतो. हा एवढा रोध येतो कुठून? मी विद्यार्थ्यांना वारीचे उदाहरण देत असे. दिंडीत टाळकरी ओळीने, एका लयीत चालतात. पाणी वाटणारा माणूस त्यांच्या मधून सहज पुढे सरकतो. तीच माणसे मुक्कामावर पांगली, कोणी या बाजूला वळला, कोणी त्या बाजूला, की त्याच माणसाला खांदे चुकवत जावे लागते. धातूतून धावणारा इलेक्ट्रॉन हा तो पाणी वाटणारा आणि अणूंचे चुंबक हे वारकरी. थंडीत सगळे चुंबक शिस्तीत उभे राहतात, रोध उतरतो. ठराविक तापमानाला शिस्त मोडते आणि तिथेच रोधाच्या आलेखाला स्पष्ट वाकण येते. गॅडोलिनियममध्ये ते वाकण बरोबर २० अंशांजवळ दिसते. त्याच्या वर चुंबकी गोंधळाला आणखी वाढायला वाव नसतो, म्हणून तिथून पुढे रोध फक्त अणूंच्या थरथरीमुळे, सावकाश, सरळ रेषेत चढतो. ही सरळ रेषा मागे शून्यापर्यंत ओढून पाहिली की चुंबकी गोंधळाचा वाटा वेगळा काढता येतो. तो गॅडोलिनियममध्ये सर्वांत मोठा. मग टर्बियम, डिस्प्रोसियम, होल्मियम, एर्बियम, थुलियम असा उतरत जातो आणि आतला कप्पा पूर्ण भरलेल्या ल्युटेशियममध्ये शून्य होतो. १९५८ मध्ये फ्रान्सच्या द झेन आणि फ्रिडेल यांनी मांडलेल्या सिद्धान्ताशी हा उतार चांगला जुळला. हेच पियर-जिल द झेन पुढे १९९१ चे नोबेल मानकरी ठरले.

खरे कोडे डिस्प्रोसियमने घातले. थरांना समांतर कापलेल्या कांडीत सगळे अपेक्षेप्रमाणे घडत होते. थरांना काटकोनात कापलेल्या कांडीत मात्र थंड करत जाताना उणे ९४ अंशांच्या खाली रोध उतरण्याऐवजी चढू लागला. थोडे अंतर उंचवटा करून तो खाली वळला आणि उणे १८५ अंशांच्या आसपास एकदम कोसळला. त्याच धातूत, त्याच तापमानाला, एका दिशेला एक वागणूक आणि दुसऱ्या दिशेला दुसरी! शुद्ध धातू आणि सलग स्फटिक नसता, तर हा उंचवटा सरासरीत पुसट होऊन गेला असता.

उत्तर आले ओक रिज या दुसऱ्या अमेरिकी प्रयोगशाळेतून. न्यूट्रॉन हा स्वतः एक छोटा चुंबक असतो, त्यामुळे स्फटिकावर न्यूट्रॉनांचा झोत टाकला की आतल्या चुंबकांची मांडणी कळते. विल्किन्सन, कोहलर, वोलन आणि केबल यांनी १९६१ मध्ये दाखवले की या मधल्या तापमानांत डिस्प्रोसियमचे चुंबक गोल जिन्यासारखे रचलेले असतात. एका थरातले सगळे चुंबक एका दिशेला तोंड करून. वरच्या थरातले त्याहून थोडे वळलेले. त्यावरचे आणखी थोडे. जिना सुरू होतो तेव्हा दर थराला सुमारे ४३ अंशांचे वळण असते. थंडी वाढत जाते तसे ते २६-२७ अंशांपर्यंत कमी होते आणि मग एका क्षणी जिना सरळ होऊन सगळे चुंबक एका दिशेला वळतात. रोध कोसळतो तो नेमका तिथेच.

पण जिना झाला म्हणून रोध वाढावा का? जिन्यातही शिस्त असतेच की. १९६२ मध्ये एम्समधल्याच अ‍ॅलन मॅकिन्टॉश यांनी आणि १९६३ मध्ये इंग्लंडच्या एलियट आणि वेजवुड यांनी याचा उलगडा केला. इलेक्ट्रॉन हा कण असला तरी धातूत तो लाटेसारखा वागतो. जिन्याच्या रचनेमुळे स्फटिकात एक नवे, लांब अंतर पुन्हा पुन्हा येऊ लागते. ज्या इलेक्ट्रॉनांच्या लाटेची लांबी त्या अंतराशी जुळते, ते पुढे न जाता परतवले जातात आणि विजेच्या वाहतुकीतून बाद होतात. जिना फक्त थरांच्या काटकोनात चढतो, म्हणून वाहतूकही मुख्यतः त्याच दिशेला अडते. जिना मोडला की बाद झालेले इलेक्ट्रॉन परत कामावर येतात. रोधाच्या आलेखावरचा तो छोटा उंचवटा म्हणजे त्या अदृश्य जिन्याने दिलेली साक्ष होती. गंमत अशी, की हा जिना उभारतातही हेच फिरते इलेक्ट्रॉन. अणूंचे आतले चुंबक एकमेकांपर्यंत पोचू शकत नाहीत. एकाचा निरोप दुसऱ्याकडे नेण्याचे काम हे इलेक्ट्रॉनच करतात. त्यांनीच बांधलेल्या जिन्यात ते स्वतः अडखळतात.

विजेनंतर उष्णतेची पाळी आली. १८५३ मध्ये विडेमान आणि फ्रान्झ यांनी एक नियम सांगितला होता : जो धातू विजेचा चांगला वाहक, तो उष्णतेचाही चांगला वाहक, एका ठराविक तापमानाला या दोन वाहकतांचे गुणोत्तर सगळ्या धातूंत जवळपास सारखे. दोन्ही ओझी वाहणारा हमाल एकच असतो, तो म्हणजे इलेक्ट्रॉन. १९६८-६९ मध्ये लेगव्होल्ड यांच्या गटाने डिस्प्रोसियम, एर्बियम, गॅडोलिनियम, टर्बियम, होल्मियम यांच्या स्फटिकांच्या एका टोकाला ऊब देऊन उष्णता किती वेगाने सरकते ते मोजले. तांब्याच्या मानाने ती फारच कमी भरली, काहींत चाळिसाव्या हिश्श्याच्या आसपास. पण विजेच्या हिशेबाने जितकी यायला हवी होती, त्याहून ती जास्त होती. म्हणजे उष्णतेच्या वाहतुकीत आणखी हमाल होते. त्यांतला एक अणूंची थरथर. दुसरा संशयित म्हणजे चुंबकांच्या रांगेतून जाणारी लहर. शेतातल्या उभ्या पिकातून वाऱ्याची झुळूक जावी, तशी. विजेचे माप एक गोष्ट सांगते आणि उष्णतेचे माप तिच्यात भर घालते. दोन्ही जबान्या ताडून पाहिल्या तरच खरे काय ते कळते.

आता कोणी विचारेल, या सगळ्याचा उपयोग काय? त्या काळी ठोस उत्तर कोणापाशी नव्हते. पैसा सरकारी अणुऊर्जा आयोगाचा होता आणि घाई नव्हती. उपयोग नंतर दिसले. १९७६ मध्ये अमेरिकेत जेराल्ड ब्राउन यांनी गॅडोलिनियम वापरून चुंबकी शीतक चालवून दाखवला. चुंबक शिस्तीत आले की धातू तापतो, पांगले की गार होतो, या गुणावर तो चालतो. रुग्णालयातल्या एमआरआय यंत्राच्या वेटोळ्याला द्रव हेलियमची थंडी लागते. ते हेलियम उडून जाऊ नये म्हणून अनेक यंत्रांवर जो शीतक बसवतात, त्यात एर्बियमची किंवा होल्मियमची मिश्रधातू असते. तेवढ्या थंडीत शिशासारखे नेहमीचे धातू उष्णता धरून ठेवू शकत नाहीत. या मिश्रधातू धरतात, कारण त्यांचे चुंबक तेवढ्याच थंडीत शिस्तीत येत असतात. कोणता धातू कोणत्या तापमानाला काय करतो, ही यादी आधीच्या पिढीने करून ठेवली नसती, तर शोधायचे कुठे?

आपल्या देशाचाही या कथेत वाटा आहे. केरळ, तमिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट हे खनिज आहे. त्यापासून विरल मृदा काढण्यासाठी १९५० साली इंडियन रेअर अर्थ्स ही कंपनी स्थापन झाली. तिचे मुख्यालय मुंबईत आहे. मात्र आपल्या मोनाझाइटमध्ये हलक्या मृदा भरपूर असल्या, तरी डिस्प्रोसियम, टर्बियम यांसारख्या जड मृदा फार थोड्या आहेत. मुंबईच्याच टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नागराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये इट्रियम, निकेल, बोरॉन आणि कार्बन यांच्या संयुगात सुमारे १२ केल्विनला, म्हणजे उणे २६१ अंशांना, अतिवाहकता असल्याचे दाखवले. रोध पुरता नाहीसा होणे म्हणजे अतिवाहकता. इट्रियमच्या जागी चुंबकी होल्मियम घातले तर आणखी एक नवल दिसते : थंड करताना रोध आधी नाहीसा होतो आणि आणखी थंड केल्यावर काही अंशांपुरती अतिवाहकता खिळखिळी होते. त्या टप्प्यावर आत होल्मियमच्या चुंबकांचा गोल जिना उभा राहिलेला असतो. एम्सच्या स्फटिकात सापडलेली ओळख मुंबईत जन्मलेल्या संयुगांच्या घराण्यातही उपयोगी पडली.

एप्रिल २०२५ मध्ये चीनने गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोसियम यांच्यासह सात मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली आणि जगभरच्या मोटार कारखान्यांची झोप उडाली. विजेवर चालणाऱ्या मोटारींतली निओडिमियमची चुंबके तापल्यावर ढिली पडू नयेत म्हणून त्यांत थोडे डिस्प्रोसियम घालतात. तेव्हापासून आपल्याकडेही खाणींची चर्चा जोरात आहे, आणि ती व्हायलाच हवी. मला मात्र या इतिहासातून आणखी एक गोष्ट दिसते. इटर्बीचा दगड १७८७ पासून लोकांच्या हातात होता. त्याच्या पोटातल्या धातूंचा स्वभाव कळायला १९६० साल उजाडले. मधल्या काळात दगड कमी पडला नव्हता. कमी होती ती निवडण्याची रीत, शुद्ध धातू घडवणारे हात आणि एकेका अंशाला थांबून आकडा लिहून ठेवणारी माणसे. खाण कोणाकडे असावी हे भूगोल ठरवतो. अशी माणसे तयार करायची की नाही, हे मात्र आपण ठरवायचे असते, आणि त्याला वीस-पंचवीस वर्षे लागतात.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)